कोब्राच्या अंगावरचा आकडा

टेक्ससचा रेसर कॅरोल शेल्बी याने 1962 साली इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकी, दोन आसनांची गाडी घेतली आणि तिच्यात फोर्डचं व्ही-8 इंजिन बसवलं. कोब्रा जन्मली ती अशी. आधी 260 घनइंचांचं इंजिन, मग 289 चं आणि 1965 मध्ये 427. आकडा वाढला तसा गाडीचा दराराही वाढला.

पण हा 427 मोजमापाला उतरत नाही. सिलिंडरचा बोअर (व्यास) 4.232 इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 3.784 इंच, आठ सिलिंडरांचा हिशेब मांडला की उत्तर येतं साधारण 426. अमेरिकी शर्यतींत तेव्हा इंजिनाला सात लिटरची मर्यादा होती. सात लिटर म्हणजे 427 घनइंच, आणि फोर्डने तोच आकडा इंजिनाच्या नावाला लावला.

शर्यतीसाठी घडवलेलं हे इंजिन महागडं होतं. त्यामुळे रस्त्यावर चालवायच्या बऱ्याच कोब्रांत फोर्डचं स्वस्त 428 बसलं. गाडीचं नाव मात्र 427 च राहिलं. गंमत अशी, की 428 चं खरं माप भरतं साधारण 427.4, म्हणजे गाडीच्या नावाशी जास्त इमान त्याचंच!

दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, त्यामुळे वरवर पाहून फरक कळत नाही. जाणकार खाली वाकून ब्लॉकची बाजू बघतात. 427 मध्ये क्रँकशाफ्टच्या मधल्या तीन बेअरिंगांच्या कॅप आडव्या बोल्टांनीही आवळलेल्या असतात आणि त्या बोल्टांची डोकी ब्लॉकच्या बाहेर दिसतात. 428 ला हे बोल्ट नसतात. जास्त आरपीएमवर तासन्‌तास पळताना 427 टिकतं ते या पकडीमुळे.

शेल्बीने आकड्यांचा बाऊ कधीच केला नाही. फोर्डच्या मस्टँगवरून त्याने घडवलेल्या जीटी 350 मधला 350 हा दोन इमारतींमधल्या अंतराचा, पावलांनी मोजलेल्या फुटांचा आकडा, असं तो सांगत असे.

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक कोब्रा प्रतिकृती असतात. अमेरिकेतली फॅक्टरी फाइव्ह ही कंपनी 1995 पासून सुट्या भागांचे संच विकते आणि हौशी माणसं घरच्या गॅरेजमध्ये गाडी उभी करतात. अनेकांच्या मडगार्डावर 427 चा बिल्ला असतो आणि बॉनेटखाली मस्टँगचं 302. काही जण मात्र फोर्डच्या 351 चा ब्लॉक घेतात, बोअर 4.125 इंच करतात, चार इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट बसवतात. त्याचं माप येतं 427.6. बिल्ल्यावरचा आकडा अस्सल 427 इंजिनाच्या गाडीपेक्षा या प्रतिकृतीला जास्त लागू पडतो.