चाळीस केबीतली उडी

दिवाळीत बहिणीकडे गेलो होतो. फराळ झाला, गप्पा झाल्या आणि दुपारच्या सुस्तीत भाच्याने त्याचा निन्टेन्डो स्विच टीव्हीला जोडला. त्यात जुन्या गेम्सची एक यादी असते. ती वरखाली सरकवताना एका चौकटीपाशी मी त्याला थांबवलं. सुपर मारिओ ब्रदर्स. पहिला, १९८५ चा.

"मामा, तुला येतो हा?"

येतो का म्हणे! ज्याच्या पायी दोन मे महिने मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही, आंबे टीव्हीसमोर बसून खाल्ले आणि चिकट हातांनी रिमोट बिघडवला म्हणून थोरल्या भावाच्या दोन खाल्ल्या, तो गेम मला येतो का! ऐटीत मांडी घातली, बटण दाबलं आणि चार पावलांत मेलो. समोरून डुलत डुलत येणाऱ्या पहिल्याच शत्रूला, गुम्बाला, धडकलो. दुसऱ्या खेपेला पाइपांच्या मधल्या जोडगोळीने गाठलं. तिसरी लाईफ पहिल्या खड्ड्यात गेली. भाचा काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

उडी मी मारत होतो, पण सगळं घाईघाईत अंगावर येत होतं आणि बोट दरवेळी किंचित मागे राहत होतं. मी ते वयाच्या खात्यावर टाकलं. कारण निराळंच निघालं, पण त्याची गोष्ट मग सांगतो.

क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिली कॉम्प्युटर नावाचं यंत्र जपानात १४,८०० येनला विकायला काढलं. जपानी मुलं त्याला फॅमिकॉम म्हणत. आठ बिटांचा प्रोसेसर, वेग १.७९ मेगाहर्ट्झ, काम करायला मेमरी २ केबी. केबीच, एमबी नव्हे. या यंत्रासाठी शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी आखलेला सुपर मारिओ ब्रदर्स १३ सप्टेंबर १९८५ रोजी बाजारात आला. संगीत कोजी कोंदो यांचं आणि प्रोग्रॅमिंगची धुरा तोशिहिको नाकागो यांच्याकडे. कॅसेटमध्ये ३२ केबी प्रोग्रॅमला आणि ८ केबी चित्रांना, एकूण ४०. सकाळी सकाळी काकांकडून येणारा 'शुभ सकाळ'चा गुलाबसुद्धा यापेक्षा जास्त जागा खातो.

या ४० केबीत ३२ स्टेजेस, जमीन, भुयार, पाणी, किल्ले, कासवं, उडते मासे, हातोडे फेकणारे दोन भाऊ, आम्ही ज्याला ड्रॅगन म्हणायचो तो बाउझर आणि सहा-सात चाली बसवल्या आहेत. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणं म्हणतात, ते हे. भाच्याला मी पडदा थांबवून आकाशातला ढग दाखवला आणि मग जमिनीवरचं झुडूप दाखवलं. दोन्ही एकच चित्र. वर पांढरा रंग, खाली हिरवा. "अरे, चीटिंग!" तो म्हणाला. इतकी वर्षं मी ते झुडूप रोज तुडवलं, मला कधी दिसलं नव्हतं. गुम्बाची चाल म्हणजे एकच चित्र आरशातल्यासारखं उलटसुलट करणं, म्हणून तो डुलतो. मागची टेकड्या-ढगांची देखावापट्टी तीन पडद्यांची आहे, संपली की पुन्हा पहिल्यापासून. ५-३ ही स्टेज (पाचव्या वर्ल्डमधली तिसरी) म्हणजे १-३ च, तोफगोळे वाढवलेली. ६-४ चा किल्ला १-४ चाच, जरा अवघड केलेला. खुद्द मारिओचा अवतारही काटकसरीतून आलेला. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये तो प्रथम आला तेव्हा एवढ्याशा ठिपक्यांत केस नीट काढता येईनात, म्हणून डोक्यावर टोपी. तोंड दिसेना, म्हणून मिशी. हात हलताना कळावेत, म्हणून अंगात वेगळ्या रंगाची डंगरी. नाव तर निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाचे घरमालक मारिओ सेगाली यांच्यावरून आलं.

स्टेजेस आधी आलेख कागदावर पेन्सिलीने काढल्या जात आणि ते कागद प्रोग्रॅमरकडे जात. बदल करायचा तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून. एक चौकोन म्हणजे एक वीट. आमचे ड्रॉइंगचे सर आलेख कागदावर अक्षरं काढून घ्यायचे, त्याच जातीचं काम.

पण हे सगळं झालं कोठारघरातलं. या गेमचा खरा जीव १-१ मध्ये, तिच्या पहिल्या दोन-तीन पडद्यांत आहे. सूचना म्हणून एक शब्द नाही. मारिओ डाव्या कडेला उभा, उजवीकडे तोंड करून, समोर मोकळी जमीन. जायचं कुठे हे सांगावं लागत नाही. मग चमकणारी प्रश्नचिन्हाची वीट आणि खालून येणारा गुम्बा. धडकलात तर मेलात, पण सुरुवातीपासून चारच पावलं आलेले असता, त्यामुळे नुकसान शून्य. दुसऱ्यांदा उडी मारता. उडी मारता मारता डोकं विटेला लागतं, नाणं निघतं. पुढच्या विटेतून मशरूम निघतं, आणि इथली करामत मला चाळिशी उलटल्यावर कळली. तोवर भेटलेला एकमेव शत्रू मशरूमसारखाच दिसतो, म्हणजे नवखा माणूस यालाही घाबरून पळणार. ते मशरूम उजवीकडे सरकत जातं, पाइपला आपटतं आणि उलट फिरून तुमच्याच दिशेने येतं. चुकवायला उडी मारावी तर डोक्यावर विटांचं छत. उडी अर्धवट राहते आणि मशरूम अंगावर येतंच. मेलो असं वाटतं त्याच क्षणी मारिओ दुप्पट उंच होतो. मियामोतोंनी पुढे मुलाखतींत सांगितलंय की ही मांडणी मुद्दाम केलेली आहे.

गुम्बाचा जन्मही असाच. आधी शत्रू म्हणून कासव होतं. पण कासवावर उडी मारायची, मग कवच लाथाडायचं, ते आपटून परत आलं की चुकवायचं, हा पहिल्याच भेटीत फार मोठा धडा. म्हणून गेम जवळजवळ तयार झाल्यावर एका पावलात चिरडता येईल असा साधा प्राणी घातला. सगळ्यात शेवटी बनवलेला तो पहिल्यांदा भेटतो.

१-१ च्याच अखेरीला समोरासमोर दोन जिने आहेत, मध्ये सपाट जमीन. उडी चुकली तरी काही होत नाही, खाली उतरून पुन्हा चढा. थोडं पुढे तसेच आणखी दोन जिने, मध्ये खड्डा. आधी जमिनीवर हात बसवून घेतला, मग खड्ड्यावर सोडलं. मला पोहायला शिकवणारे आजोबा विहिरीच्या पायरीवर असंच करायचे, फक्त ते शेवटी ढकलायचे.

आणि उडी! बटण टिचकीसारखं दाबलं तर टुणकन, धरून ठेवलं तर उंच. पळत येऊन मारली तर आणखी उंच. हवेत असतानाही थोडं मागेपुढे वळता येतं, जे प्रत्यक्षात कुणाला जमत नाही आणि तरी खरं वाटतं. थांबायला गेलं की चपला घसरल्यासारखा दोन विटा घसरतो. आजच्या गेम्सपुढे चित्रं बाळबोध आहेत, उडी मात्र नाही.

सगळंच असं नाही. पाण्याखालच्या स्टेजेस मला तेव्हाही कंटाळवाण्या वाटायच्या, आताही वाटतात. ४-४ आणि ७-४ च्या किल्ल्यांत ठराविक वाटांनी गेलं नाही तर तोच रस्ता पुन्हा पुन्हा फिरत राहतो, आणि बरोबर वाट कुठली याची खूण पडद्यावर धड नसते. ज्या हातांनी १-१ इतक्या मायेने आखली त्याच हातांनी हे केलं असेल यावर विश्वास बसत नाही. सात किल्ले सर केल्यावर सात वेळा कळतं की जिला सोडवायचं ती राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. इंग्रजीतलं ते वाक्य आम्हाला वाचता यायचं, पण भावाने त्याचा अर्थ 'अभिनंदन' असा सांगितला होता, आणि सगळ्या गल्लीने तो मानला.

आमच्यापर्यंत मारिओ आला तो नव्वदच्या दशकात, आणि निन्टेन्डोच्या डब्यातून नव्हे. तैवानी आणि चिनी चिप्स घातलेल्या, फॅमिकॉमची हुबेहूब नक्कल असलेल्या यंत्रांतून आला. यंत्राला आम्ही 'व्हिडिओ गेम' म्हणायचो, कार्ट्रिजला 'कॅसेट' आणि कंट्रोलरला 'रिमोट'. बाजारातून आणलं की पहिलं काम म्हणजे केबलची वायर काढून यंत्राची लावायची आणि टीव्हीचा चॅनेल फिरवत मुंग्यांतून चित्र शोधायचं. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९९९९ इन १'. त्यातले खरे गेम पाच-सात. बाकी तेच गेम वेगळ्या नावाने, वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारे. क्योटोतल्या माणसांनी ढगाचं झुडूप केलं, या कॅसेटवाल्यांनी सात गेम्सचे एक कोटी केले.

कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडाजवळ धरून बासरीसारखी फुंकायची आणि पुन्हा बसवायची. चालायची. ती फुंकरीने नव्हे, काढून परत घालताना धातूच्या पट्ट्या पुन्हा नीट टेकल्यामुळे चालायची. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पट्ट्या गंजतात. हे आज सांगून उपयोग नाही, आमच्या पिढीतलं कुणी ऐकणार नाही. गेम साठवून ठेवायची सोय नव्हती. आठव्या वर्ल्डला पोचल्यावर वीज गेली की गच्चीवर जाऊन बसायचं.

आता ते कारण. हा गेम वेळ घड्याळाने मोजत नाही, पडदा किती वेळा रंगवला गेला यावर मोजतो. जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा. आपल्याकडची यंत्रं आपल्या टीव्हीला जुळेल अशी बनवलेली, कॅसेटमधला प्रोग्रॅम मात्र जपानी गतीला लिहिलेला. त्यामुळे जपानी मुलाच्या सहा पावलांच्या वेळात आमचा मारिओ पाच पावलं चालायचा. गुम्बा, कासवं, उडी, सगळं त्याच प्रमाणात सावकाश. स्टेजच्या सुरुवातीचे ४०० आकडे तिकडे २ मिनिटं ४० सेकंदांत संपत, इकडे ३ मिनिटं १२ सेकंद पुरत. भाच्याचा स्विच मूळ गतीने चालतो. म्हणजे माझी बोटं बरोबर वेळेलाच दाबत होती, फक्त ती वेळ आमच्या गल्लीतली होती. हे वाचल्यावर मी बहिणीला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, चकल्या पुरल्या का?

जगात या गेमच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता, तो पुन्हा उभा करण्यात याचा मोठा वाटा. २०२१ मध्ये एक न उघडलेली प्रत २० लाख डॉलरना गेली. ती न खेळलेलीच राहणार, याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या टोकाला, पाइपांमधल्या चोरवाटांनी ३२ पैकी आठच स्टेजेस पार करत हा गेम ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवणारे लोक आहेत, आणि ते एका सेकंदाच्या साठाव्या भागासाठी महिनोन्‌महिने झटतात. मियामोतोंनी ३-१ च्या जिन्यावर कासवाला नाचवत फुकट लाईफ मिळवायची युक्ती जाणूनबुजून ठेवली होती. ती हावरटासारखी वापरून १२८ च्या पुढे गेलं की यंत्राची मोजणी उलटते आणि पुढच्या मरणाला थेट गेम ओव्हर. हे आमच्या गल्लीत एकाच्या बाबतीत घडलं, आणि त्याच्या आईने तेव्हाच सांगितलं होतं की अति करू नकोस.

कोंदोंच्या चालीला २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलं. गेमचं संगीत त्या यादीत पहिल्यांदाच आलं. यंत्राला एका वेळी मोजकेच आवाज काढता येतात, म्हणून मारिओ उडी मारतो किंवा नाणं घेतो तेव्हा चालीतला एक सूर क्षणभर गप्प होतो आणि परत येतो. कान देऊन ऐकलं की कळतं.

भाऊबीजेला पुन्हा गेलो. आदल्या रात्री फोनवर मूळ गतीचे व्हिडिओ पाहून तयारी केली होती, हे कुणाला सांगितलं नाही. या वेळी ८-३ पर्यंत पोचलो आणि हातोडेवाल्या भावांनी मारलं. "मामा, रिवाइंड कर ना," भाचा म्हणाला. स्विचवर मेल्यावर थोडं मागे जाता येतं. मी नको म्हणालो. मग रिमोट त्याच्याकडे दिला. तो पहिल्या गुम्बाला धडकून मेला, दुसऱ्या खेपेला त्याच्या डोक्यावर उडी मारली, आणि मशरूमपासून पळताना छताला डोकं आपटून मोठा झाला. मी सोफ्यावर रेलून चाल गुणगुणत होतो.

"मामा, तू हळू म्हणतोयस," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला.