मनीप्लांटची वेल : शोभा आणि दक्षता

चेन्नईच्या दक्षिणेकडील पेरुंगुडी हा परिसर राजीव गांधी मार्गालगतच्या माहिती तंत्रज्ञान कार्यालयांमुळे ओळखला जातो. अशा बहुमजली वस्तीत अंगणाची हौस खिडकीतील वेलींवर भागवावी लागते. तेथील उष्ण व दमट हवा मनीप्लांटला मानवते. मात्र हीच हवा डासांनाही पोषक असल्याने ही वेल लावताना दक्षता आवश्यक ठरते.

मनीप्लांट, म्हणजेच एपिप्रेम्नम ऑरियम, ही मूळची फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावरील वेल. अळू आणि सुरण यांच्याच कुळातील ही वनस्पती रानात वृक्षांच्या खोडावर चढते आणि तिची पाने अर्धा मीटरहून अधिक लांब होतात. कुंडीतून खाली लोंबणाऱ्या वेलीची पाने मात्र लहानच राहतात. मोठी पाने हवी असल्यास काथ्या गुंडाळलेल्या काठीचा आधार द्यावा.

या वेलीला खिडकीतून येणारा सौम्य प्रकाश पुरतो. कडक उन्हाने पाने करपतात, तर अंधाऱ्या कोपऱ्यात पानांवरील पिवळी नक्षी फिकट होते. मातीचा वरचा थर कोरडा झाल्यावरच पाणी द्यावे. सतत ओल्या मातीत मुळे कुजतात. नवे रोप करण्यासाठी पेरासह फांदी कापून पाण्यात ठेवल्यास तिला मुळे फुटतात.

खरा धोका याच पाण्यात असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारणतः आठ ते दहा दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात. त्यामुळे बाटलीतील आणि कुंडीखालच्या ताटलीतील पाणी आठवड्यातून किमान एकदा बदलावे. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. म्हणूनच पाणी केवळ ओतून न देता भांडे आतून घासून घ्यावे.

ही वेल घरातील हवा शुद्ध करते, हा समज अमेरिकी अंतराळ संस्था ‘नासा’च्या १९८९ सालच्या प्रयोगांतून रूढ झाला. ते प्रयोग बंदिस्त पेटीत झाले होते. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेतला. खिडक्या उघडण्याइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला दहा ते एक हजार रोपे लागतील, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

अळूप्रमाणेच या वेलीतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते. त्यामुळे लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून ती दूर टांगावी.

छाटलेल्या फांद्या मोकळ्या जागेत टाकू नयेत, कारण त्या सहज रुजतात. श्रीलंकेसह काही देशांत ही वेल वनांत पसरून उपद्रवी ठरली आहे. पेरुंगुडीलगतची पळ्ळिकरणै पाणथळ २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाली. अशा जागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी हे पथ्य विशेषत्वाने पाळावे.