अंतर मोजताना आव्यूह उलटवला का?

मळवली स्टेशनवर उतरून रुळांच्या कडेने दोन किलोमीटर चालणे आणि तेवढेच अंतर लोहगडाच्या चढणीवर कापणे, यांतला फरक नकाशाला कळत नाही, पायांना कळतो. आकडेवारीतही कोणत्या दिशेने दूर गेलो, यावर ‘दूर’ म्हणजे किती हे ठरते.

असे अंतर मोजण्याची रीत प्रशांतचंद्र महालनोबिस यांची. १९२०मध्ये नागपूरला भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये त्यांची प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याशी गाठ पडली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियनांच्या शरीरमापांचे विश्लेषण करा, असे अ‍ॅनंडेल यांनी सुचवले. त्या वाटेने पुढे १९३६चा प्रसिद्ध निबंध आला. शरीराची मापे सुटी नसतात. उंच माणसाचे हातपायही बहुधा लांबच. हे नाते मांडणारा तक्ता म्हणजे सहप्रचरण आव्यूह, अर्थात कोव्हेरियन्स मॅट्रिक्स. सूत्रात मात्र त्याचा व्यस्त, म्हणजे प्रिसिजन मॅट्रिक्स बसतो. एकच माप असते तेव्हा आपण फरकाला प्रमाण विचलनाने भागतो ना? अनेक मापांच्या बाबतीत हा भागाकार व्यस्त आव्यूह करतो.

गफलत इथेच होते. समजा, शाळेच्या आरोग्य तपासणीत मुलांची उंची आणि वजन घेतले. दोहोंचा सहसंबंध ०.८. एक मूल दोन्हींत सरासरीच्या दीड प्रमाण विचलन वर. दुसरे उंचीत दीड वर, पण वजनात दीड खाली. साध्या पट्टीने दोघे सारखेच दूर. व्यस्त आव्यूहाने पहिल्याचे अंतर १.५८, दुसऱ्याचे ४.७४. डॉक्टरांनी आधी कोणाला तपासायचे, हे उघड आहे. आता उलटवायचे विसरून सहप्रचरणाचाच तक्ता घातला, तर पहिल्याचे २.८५ आणि दुसऱ्याचे ०.९५! धट्टेकट्टे मूल संशयित, हाडकुळे मूल ठणठणीत.

संगणक तक्रार करत नाही, कारण दोन्ही तक्ते एकाच आकाराचे आणि दोन्हींतून उत्तर धनच येते. ‘सायपाय’मधील या अंतराची आज्ञा व्यस्त आव्यूहच मागते; पण समोरचा तक्ता खरोखर उलटवलेला आहे का, हे ती पाहत नाही.

पडताळ्याची युक्ती सोपी आहे. वजन किलोऐवजी ग्रॅममध्ये घालून सगळे गणित पुन्हा करा. खरे महालनोबिस अंतर तसूभरही हलत नाही. चुकीचे मात्र अवाच्या सवा फुगते.