शहर नावाची खाण

डोंगर फोडून काढलेली खडी, नदीतली वाळू, खाणीतले लोखंड हे सारे शेवटी शहरांत येऊन साठते. हा साठा कोठे व किती आहे? २०२१ साली शास्त्रज्ञांनी जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांसाठी त्याचे नकाशे सिद्ध केले. सेंटिनेल उपग्रहांच्या प्रतिमांतून १० मीटरच्या चौकटींत इमारतींचे क्षेत्रफळ, उंची व प्रकार ओळखण्यात आले. त्या-त्या प्रकारच्या बांधकामात घनमीटरमागे काँक्रीट, विटा, पोलाद, लाकूड किती असते, त्या प्रमाणाने गुणून वजन काढले. रस्ते आणि लोहमार्गही मोजले. उपग्रहाला भिंतीच्या आतले दिसत नाही, म्हणून हा अंदाजच. पण पाडकामातून काय हाती येईल हे आधी कळले, तर तेवढा डोंगर वाचतो. दिल्लीत बुराडी येथे २००९ साली राडारोड्यापासून पुन्हा बांधकामसाहित्य बनविणारा प्रकल्प सुरू झाला.