सुगम्यता सेटिंग, संगणकीय

दृष्टी, श्रवण किंवा हालचाल यांवर मर्यादा असलेल्या व्यक्तींना संगणक वापरता यावा, यासाठी त्यातील साहाय्यक सोयी एकाच ठिकाणी निवडण्याची व बदलण्याची व्यवस्था. पडद्यावरील मजकूर व बटणे यांची माहिती गोळा करणारा पडदा-वाचक, तिचे उच्चारांत रूपांतर करणारा वाक्-संश्लेषक, भिंग, ठळक रंगसंगती व कळफलकाच्या सवलती यांचा तीत अंतर्भाव होतो.

इतिहास : विंडोज ९५ या प्रणालीच्या नियंत्रण-फलकात अशा सोयींचा स्वतंत्र विभाग होता. २००५ मध्ये ॲपलच्या मॅक प्रणालीत व्हॉइसओव्हर व २००६ मध्ये लिनक्सवरील ग्नोममध्ये ओर्का हा पडदा-वाचक समाविष्ट झाला. २००६ मध्येच ऑस्ट्रेलियात एनव्हीडीए या विनामूल्य पडदा-वाचकाच्या निर्मितीस आरंभ झाला.

एकत्रीकरणाची गरज : पडदा-वाचक व संश्लेषक पुष्कळदा भिन्न निर्मात्यांचे असतात आणि त्यांची परिमाणेही भिन्न असतात. बोलण्याचा वेग ईस्पीक हा संश्लेषक मिनिटाला शब्दांत मोजतो (मूळ मूल्य १७५). विंडोजच्या सापी ५ मध्ये तो −१० ते +१०, लिनक्सच्या स्पीच डिस्पॅचरमध्ये −१०० ते +१००, तर एनव्हीडीएमध्ये ० ते १०० असा दर्शवितात. एकत्रित व्यवस्थेत वापरकर्त्याने वेग एकदाच निवडावा व ही रूपांतरे संगणकाने करावीत, अशी अपेक्षा असते.

रचनेची तत्त्वे : ज्या व्यक्तीसाठी सेटिंग आहे तिला ते स्वतः वापरता आले पाहिजे. अंध व्यक्तीकडून आवाज चुकून बंद झाल्यास तो पुन्हा सुरू करण्याची यादी तिला दिसत नाही व ऐकूही येत नाही. म्हणून केवळ कळांनी वाचक सुरू करण्याची सोय आवश्यक ठरते, उदा., विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल व एंटर या कळा एकत्र दाबतात. निवडलेला बदल तत्काळ ऐकू यावा व तो सहज मागे घेता यावा. प्रवेशाच्या पडद्यावरही आवाज उपलब्ध असावा. अन्यथा त्या व्यक्तीला आपला परवलीचा शब्द दुसऱ्यास सांगावा लागतो.

मराठीतील प्रश्न : लिपीवरून कन्नड व मराठी मजकूर वेगळा ओळखता येतो; परंतु मराठी व हिंदी यांची लिपी देवनागरीच असल्याने केवळ लिपीवरून भाषा ठरत नाही. हिंदी आवाज निवडला गेल्यास सातारा जिल्ह्यातील ‘जावळी’ या नावातील दंततालव्य ज तालव्य उच्चारला जातो. मराठी आवाजासही ‘जून महिना’ व ‘जून भेंडी’ यांतील भेद लेखनावरून कळत नाही. त्यासाठी वापरकर्त्यास शब्दांचे उच्चार नोंदविता येतील असा उच्चारकोश लागतो. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात मराठीबरोबर कन्नडही प्रचलित आहे. तेथील वापरकर्त्यास मराठी, कन्नड व इंग्रजी यांसाठी स्वतंत्र आवाज व वेग ठरविता येणे इष्ट होय. वाई (जि. सातारा) येथे संपादित झालेला मराठी विश्वकोश आंतरजालावर उपलब्ध असून पडदा-वाचकाच्या साहाय्याने ऐकता येतो; मात्र तो मराठी उच्चारांत ऐकू येणे याच निवडीवर अवलंबून असते.