माहेर बेळगावात, सासर चंदगडला. बाळाची तपासणी कधी?

सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतीण सासरी, आपल्याकडे बरेचदा दुसऱ्या राज्यात. खंड पडतो तो इथेच, कारण सहा आठवड्यांची लस नेमकी त्याच आठवड्यात येते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येऊन बाळ पाहतात. लस ६, १०, १४ आठवड्यांनी, मग ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दीड वर्षाच्या आसपास. हे वेळापत्रक केंद्राचं. कार्ड कन्नडमधलं असो की मराठीतलं, ते माहेरी विसरू नका. सुई टोचून लगेच परतू नका, वजनही करून घ्या. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं किंवा श्वास जोरात चालला, तर तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा.