नाचणाऱ्या बाईचं चित्र काढताना

मागच्या वर्षी आमच्या गटाला वारली चित्रांच्या चाळीस पिशव्यांची ऑर्डर मिळाली. त्यातल्या निम्म्या परत आल्या. घेणारा म्हणाला, "यातली माणसं नाचत नाहीत, नुसती उभी आहेत." राग आला. पण पिशव्या ओळीनं मांडून पाहिल्या, तर त्याचं खरंच होतं. आम्ही एकच नमुना गिरवत होतो. मग ठरवलं, भातकापणीनंतर डहाणूकडे तारपा नाच होतो, तिथेच बसून चित्र काढायचं.

तारपा म्हणजे वाळका भोपळा आणि बांबू यांचं लांबलचक वाद्य. बाया-माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून वाजवणाऱ्याभोवती फिरतात. त्याच्याकडे पाठ करायची नाही, अशी रीत. आम्ही आधी विचारलं, मग कडेला बसलो. सोबत पोरांच्या जुन्या वह्या, खाली पुठ्ठा आणि मऊ पेन्सिल. खोडरबर मुद्दाम घरी ठेवलं.

पहिल्या रात्री माझ्या वहीत नुसती डोकी! तोंड काढेपर्यंत बाई पुढे निघून जायची. चूक तिथेच होती. चेहरा शेवटी, किंवा नाहीच. वारली चित्रात तरी कुठे नाक-डोळे असतात?

नाच गोल फिरतो, म्हणजे तेच पाऊल पुन्हा येतं. म्हणून आधी पेन्सिल न उचलता दोन-तीन फेऱ्या नुसतं बघायचं. एकच ढब मनात धरायची. ती परत आली की डोक्यापासून टेकलेल्या पायापर्यंत एक रेघ ओढायची. बाई पुढे गेली तर पान अर्धं सोडून द्यायचं. पुढच्या फेरीला त्यात भर घालायची, नाहीतर शेजारी दुसरं सुरू करायचं.

आता खरी गोम कमरेत. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. आम्ही ते सरळ एकाखाली एक ठेवत होतो. पण एका पायावर भार आला की त्या बाजूचं ढुंगण वर उचललं जातं आणि बहुतेकदा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. म्हणजे वरचा त्रिकोण एकीकडे कलतो, खालचा दुसरीकडे. घागर कमरेवर घेऊन आरशासमोर उभ्या राहा, लगेच कळेल.

दुसरी खूण गवंड्याच्या ओळंब्याची. गळ्याच्या खळग्यातून ओळंबा सोडला असं समजा. तो टेकलेल्या पायावर पडला, तर बाई उभी आहे. पायांच्या बाहेर पडला, तर ती पुढच्या पावलाला निघाली आहे. आमच्या पिशव्यांवरच्या सगळ्यांचा ओळंबा पायावरच पडत होता!

पूर्वी लग्नाचा चौक सुवासिनीच भिंतीवर लिहायच्या, गेरूवर तांदळाच्या पिठानं. कागदावरची वारली चित्रं जगभर नेणारे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातला तारप्याचा फेरा नीट बघा. कुणी वाकलंय, कुणाचा पाय अजून वरच आहे.

दुसऱ्या रात्री एका आजीनं माझी वही बाजूला ठेवली. "बसून काय कळतंय? ये," म्हणाली आणि कमरेत हात घातला. दोन फेऱ्यांत मांड्या भरून आल्या. शेजारणीचा धक्का आपल्या कमरेत येतो आणि आपण तो पुढे देतो, हे तेव्हा कळलं. परत येऊन काढलेल्या पानावर बाया पहिल्यांदा एकमेकींना धरून होत्या.

तेच पान आता पिशव्यांवर घेतोय. वीस झाल्या, वीस बाकी आहेत.